पोत्याखालची फळी

गाडीचा आवाज कोपऱ्यावर वळला आणि मास्तरीणबाईंचे हात कपडे पिळता पिळता थांबले. अंगणात, गाडी लावायच्या जागी, त्यांनी जुनं पोतं अंथरून ठेवलं होतं. तेल गळतं म्हणून, असं मुलाला सांगितलं होतं. खोटं नव्हतं, गळत होतंच. पण पोत्याखाली बोटभर जाडीची फळीही होती, तिच्याबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या.

मुलगा पायरीवर हाताची घडी घालून उभा होता. काल आला आणि आल्या आल्या त्यानं विषय काढला. खुब्याचं हाड जोडून वर्ष झालं नाही, पाय ओढत चालता, अजून गाडी कशाला? मास्तरांनीच मग पैज लावली. "उद्या तुझ्यासमोर डबल स्टँडला लावतो. नाही लागली तर किल्ली तुझी."

बोलून बसले खरे. अर्ध्या गावाला गाडी शिकवलेला माणूस. पहिले दोन दिवस ते कुणाला गाडीवर बसूसुद्धा देत नसत. नुसती स्टँडला लावा आणि काढा. "ज्याला गाडी नीट लावता येत नाही, त्यानं ती चालवू नये," हे वाक्य शेजाऱ्यांनाही पाठ होतं. मास्तरीणबाईंना आणखी एक गोष्ट पाठ होती. किरकोळ अंगाचं कुणी शिकायला आलं की मास्तर मागच्या चाकाखाली फळी सरकवत. चाक तेवढं वर आलं की निम्मं काम फळीच करते.

तीन महिने त्या तेच करत होत्या. मास्तर यायच्या वेळेला फळी पोत्याखाली, मास्तर आत गेले की फळी पाण्याच्या टाकीमागं. मास्तरांना पत्ता लागला नाही, एवढंच त्यांचं समाधान.

गाडी फाटकातून आत आली. उतरताना मास्तरांचा पाय सीटला अडला. एवढं जड धूड पलीकडं कलंडलं तर ते एकटं पडणार नव्हतं.

मास्तरांनी मागचं चाक बरोब्बर पोत्यावर आणलं. डावा हात हँडलला, उजवा कॅरिअरला. उजव्या, म्हणजे त्याच दुखऱ्या पायानं स्टँड दाबला, दोन्ही टोकं फरशीला टेकलेली पाहिली आणि त्यावर अंगाचा भार टाकला. गाडी जराशी वर चढली आणि परत खाली आली.

मुलगा एक पायरी उतरला.

"जागचा हलू नकोस," मास्तर मागं न बघता म्हणाले.

त्यांच्या मानेवर घाम आला होता. मास्तरीणबाईंनी पिळलेला शर्ट पुन्हा पिळला. एकदा लागू दे, मग मागणं नाही, असं त्या कुणाला म्हणाल्या ते त्यांनाही कळलं नाही.

खट्.

"जिंकलात बाबा," मुलगा म्हणाला. त्याला बरंच वाटलं असावं. हसत हसत आत गेला. मास्तर त्याच्यामागून, भिंतीला हात लावत.

मास्तरीणबाईंनी सुस्कारा सोडला आणि फळी काढायला वाकल्या. रोज ती अलगद निघायची. चाक तिच्यापासून सुटलेलं असायचं. आज निघेना. चाक फळीवरच टेकलं होतं. गाडी अर्धी स्टँडवर होती, अर्धी फळीवर. तिसऱ्या हिसक्याला फळी सुटली, तशी गाडी दचकून खाली बसली.

त्यांनी फळी उलटी केली. खालून प्लायची आणखी एक पट्टी मारलेली होती; आज घाईत सरकवताना ती त्यांच्या लक्षात आली नव्हती. चार खिळे, नवे, चकचकीत, आणि कसे एका रेषेत. असे खिळे या घरात एकच माणूस मारायचा.

त्या तशाच ओल्या हातानं आत गेल्या. मुलगा आतल्या खोलीत फोनवर बोलत होता. मास्तर खुर्चीत मांडी चोळत बसले होते. त्यांनी फळी मास्तरांसमोर टेबलावर ठेवली, खिळे वर करून.

मास्तरांनी खिळ्यांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि फळीवर ठेवली.

"किल्ली त्याला दे," ते हळूच म्हणाले. "फळीचं मात्र सांगू नकोस."

"सांगू कशी?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "अर्धी माझीच आहे."