पेटिग्रू साहेबांचं घर

कॅटलॉग पाहून मागवलेलं अख्खं घर मालगाडीने अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या त्या लहानशा स्टेशनात आलं होतं, एकेका लाकडावर नंबर टाकून. गोऱ्या स्टेशनमास्तरने कागद वाचला आणि खेचरगाडी घेऊन आलेल्या काळ्या माणसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मालक कुठाय रे?"

"पेटिग्रू साहेबांनी मलाच धाडलंय, जी."

"का? त्यांचे पाय दुखतात?"

"कामात आहेत, जी."

खेचरगाडीत बसलेल्या त्याच्या बायकोचा, ओडेसाचा, जीव टांगणीला लागला. मालकच हवा म्हणून हा अडून बसला, तर घर इथूनच परत जाणार. शेजारी लॉटीने तोंड उघडलं, तशी तिने पोरीला घट्ट कुशीत दाबलं.

स्टेशनमास्तर हसला. "साहेबांना सांग, घर झकास निवडलंय. आणि तू वाटेत फळ्या ढापू नकोस!"

"नाही, जी."

पहिली खेप भरून गाडी गावाबाहेर पडली, तेव्हा कुठे ओडेसाने हात सैल केला.

"आई, पेटिग्रू म्हणजे आपणच ना?"

"हो गं बाई. पण छप्पर चढेपर्यंत गोऱ्यांसमोर तुझे बाबा पेटिग्रू साहेबांचे गडी."