हुलमीचं मूळ

एकशे एक्केचाळीस शब्दांचं मूळ मेघालीच्या वहीत होतं. एकशे बेचाळिसाव्यासमोरची जागा रिकामी होती.

राहनाळच्या त्या गोडाऊनमध्ये पॅकिंगच्या पोरींनी सुपरवायझरला कळू नये म्हणून स्वतःची भाषा बनवली होती. ‘खर्रट’ म्हणजे टेप संपली. मूळ, टेपचा आवाज; शब्दाची कर्ती, दिपाली. ‘धपुरा’ म्हणजे सुपरवायझर आला. मूळ, त्याचे बूट. पण ‘हुलमी’, म्हणजे खोक्यांमागे दहा मिनिटं बस, हा शब्द रोज सगळ्या वापरत होत्या आणि कुणी केला ते एकीलाही ठाऊक नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मेघाली डबा न उघडताच शोधाला निघाली.

“मला मिथुननं सांगितला,” दिपाली म्हणाली. “आधी जेव तरी.”

मिथुन फोर्कलिफ्टवर बसूनच जेवत होता. “मेरेको क्या पूछती? मे महिन्यात चांगदेव सर बोलले, पोरींना जाऊन सांग, हुलमी, दहा मिनिटं. मला वाटलं तुमचाच शब्द हाय.”

चांगदेव सर म्हणजे सुपरवायझर, म्हणजेच धपुरा. त्यांना भाषा येत असेल तर नऊ महिन्यांची मेहनत पाण्यात. त्यांच्यावरचे बावीस शब्दही त्यांना कळलेले. तरी तिची पावलं केबिनकडे पळतच होती. मूळ सापडत होतं.

“सर, हुलमी कुठून आला?”

चांगदेवनं घास खाली ठेवला. “वळ गावाला आमची म्हैस होती, हुलमी. एकदा बसली का उठवायची कोनाची छाती व्हायची न्हाय.” मग डब्याकडे बघत म्हणाला, “तुमच्या भाषेत मला शिव्या बावीस हायेत. बस म्हनायला एक शब्द न्हवता.”

मेघालीनं उभ्या उभ्याच लिहिलं: मूळ, म्हैस. कर्त्याच्या रकान्यापाशी पेन अडलं. तिथं हे नाव पडलं की पोरी आजच भाषा बंद करणार.

“सर, नाव लिहू?”

चांगदेवनं खिशातून मालाच्या चलनाचा घडी घातलेला कागद काढला आणि तिच्याकडे सरकवला. कागदाच्या मागच्या बाजूला त्यानं लिहिलेले तीन नवे शब्द होते, अर्थासकट. खाली ‘मंजूर / नामंजूर’ लिहून मेघालीच्या सहीला जागा सोडली होती.