गार हवेची सीट

"सीटमधून गार हवा येते म्हणे. काही उपयोग असतो का त्याचा?" लेकीसाठी जुनी स्पोर्ट्स कार बघायला आलेल्या काकांनी सीटवर टेकत विचारलं.

"नसते चोचले आहेत ते, काका. राहू द्या," रणधीर घाईने म्हणाला. पुरात दोन दिवस बुडालेली ही गाडी त्याने विकायला काढण्याआधी चारदा धुतली होती, खालचं मॅटिंगही बदललं होतं. सीटच्या बारीक भोकांत मात्र ब्रश पोचला नव्हता.

काकांनी बटण दाबलंच. सीटमधला पंखा घरघरला. रणधीरने श्वास रोखला. काकांनी मात्र खोलवर ओढून घेतला.

"उतर गं," ते स्टिअरिंगवर बसलेल्या लेकीला म्हणाले. "पुरानंतर आपल्या घरात महिनाभर हाच वास होता."

मग रणधीरकडे वळून शांतपणे म्हणाले, "उपयोग असतो की. जुन्या गाडीला तर ही सीट पाहिजेच."