शब्दन् शब्द

“दुभाष्या ऐन वेळी आजारी पडला,” विद्यापीठाच्या बाई दारातच म्हणाल्या. “तूच सांगशील का? पण शब्दन् शब्द सांगायचा हं. पदरचं घालायचं नाही आणि गाळायचंही नाही.”

पुतणीने ते काकूला मराठीत सांगितलं. काकू खूश झाली. अकरा वर्षं या देशात काढूनही तिची इथल्या भाषेतली मजल ‘नमस्कार’ आणि ‘आभारी आहे’ यापुढे गेली नव्हती. बाहेरचं सगळं काका बघायचे आणि काका कामावर गेले होते.

“बरंच झालं की,” ती म्हणाली. “दुभाष्या घरचाच.”

भानगड साधी होती. पोरगी चारपैकी तीन विषयांत आपटली होती. दोष तिचा ठरला तर प्रवेश रद्द आणि गाशा गुंडाळून मायदेशी. दोष घराचा ठरला तर वसतिगृहात खोली. ते ठरवायला बाई आल्या होत्या, आणि काकूला दोन्हीही नको होतं. पुतणी गेली तर पहाटे उठून डबे कोण भरणार, जुळ्यांना शाळेत कोण सोडणार, भांडी कोण घासणार? फुकटची मोलकरीण सोडायला काकू काही खुळी नव्हती.

“अभ्यास कुठे करते ही?” बाईंनी विचारलं.

काकू त्यांच्याकडे बघून गोड हसली आणि पुतणीला म्हणाली, “कपडे धुवायच्या खोलीत नको नेऊस हिला. पुढची खोली दाखव, आणि माझीच आहे म्हण.”

सहा महिने पोरगी नुसतं ‘हो काकू, हो काकू’ करत आली होती. आता तिने घसा साफ केला आणि एकेक शब्द सावकाश, नीट मांडला. “त्या म्हणतात, कपडे धुवायच्या खोलीत हिला नेऊ नकोस. पुढची खोली दाखव, आणि माझीच आहे म्हण.”

बाईंचं पेन थांबलं. त्या उठून तडक त्या खोलीत गेल्या. मशीन आणि भिंत यांच्यामध्ये एक गादी होती. उशाशी पुस्तकं होती आणि पुस्तकांवर जुळ्यांचे ओले मोजे वाळत होते.

“तिकडे कशाला कडमडली ही?” काकूने विचारलं.

“बघायला,” पुतणी म्हणाली.

बाई परत येऊन बसल्या. “घरात काम किती करते?”

“इकडची काडी तिकडे करत नाही म्हणावं. आणि ही टळली की आधी भांडी घे, सकाळपासून तशीच पडलीत. नीट बोल हं, नाहीतर तुझ्या बापाला फोन करून पोरगी वाया गेली म्हणून सांगते.”

सगळंच्या सगळं पलीकडे गेलं, भांड्यांसकट आणि बापासकट. पोरीच्या जिवाला असं काही गार वाटलं की खरं तर तिची तिलाच लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

बाईंच्या अहवालाखाली काकूची सही हवी होती, आणि सहीआधी लिहिलेलं तिला वाचून दाखवायचं होतं. पुतणीने तेही मराठीत वाचलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. वसतिगृहात खोली, आजपासून.

काकूचा चेहरा उतरला. “अगं, ते मी तुला म्हणत होते. तिला नव्हे.”

“मी काय केलं, काकू? तुमचं त्यांना दिलं, त्यांचं तुम्हाला.”

“सापाला दूध पाजलं मी.”

“हेही सांगू?”

काकूने मुकाट्याने सही केली. पुतणी पुस्तकं पिशवीत भरू लागली तशी ती दारात येऊन उभी राहिली. आवाजातला सगळा ताठा गेला होता.

“दिवसभर या चार भिंतींत मी आता कुणाशी बोलू गं? अकरा वर्षांत मला इथे कुणी हाक मारलेली नाही. तू आलीस तेव्हा कुठे तोंड उघडलं मी.”

तिच्या डोळ्यांत पाणी बघून बाई जवळ आल्या. मऊ आवाजात त्यांनी विचारलं, “काय म्हणाल्या त्या?”

पुतणीने पिशवीची चेन ओढली.

“काही नाही,” ती म्हणाली.