दहा उपाशी बकऱ्या

पेंडीचे दुकानदार रमजानशेठ माईक सोडायला तयार नव्हते.

"हाऊ माणूस पहिल्यांदा मन्हा दुकानमा उना," ते सांगत होते, "सरकीनी पेंड उचली, तोंडमा टाकी अन् बोलना, शेठ, यामा माती शे. तवयपासून मी बी पहिले चाखस, मंग इकस."

मांडवात हशा पिकला. कोरीटच्या शाळेसमोर आज डॉक्टर दानियल गावितांचा निरोपसमारंभ होता. गाईबकऱ्यांनी काय खावं, याच एका विचारात या शास्त्रज्ञाची बत्तीस वर्षं गेली होती. आता नोकरी संपली, आणि जो तो आपली आठवण घेऊन माईकशी झटत होता.

पहिल्या रांगेत बसलेली रमीबाई मात्र हसत नव्हती. तिच्याजवळ आठवण नव्हती, पाप होतं.

डॉक्टरांचा पहिलावहिला प्रयोग तिच्याच वाड्यात झाला होता. वीस बकऱ्या, मध्ये कुडाची ताटी. अलीकडच्या दहांना बाभळीच्या शेंगा, पेंड आणि मीठ कालवलेला नवा खुराक. पलीकडच्या दहांना नुसती चराई. डॉक्टर सकाळी, ती पाण्याला गेलेली असताना येऊन बघून जायचे. तीन महिन्यांनी वजन करायचं. खुराकवाल्या जास्त भरल्या, तर डॉक्टर पुढच्या शिक्षणाला परदेशी जाणार होते.

पण अलीकडे कुडुमकुडुम सुरू झालं की पलीकडच्या दहा ताटीला नाक लावून उभ्या राहायच्या. त्यांच्याकडे बघून रमीबाईच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी रोज सांजेला ती गुपचूप पोत्यात हात घालू लागली.

पोतं भराभर उतरायला लागलं तशी ती धास्तावली. पण डॉक्टर पडले भोळे. एका शब्दानं न विचारता दुसरं पोतं आणून ठेवायचे.

वजनाच्या दिवशी आक्रीत घडलं. उपाशी दहा जास्त भरल्या. वरचे साहेब पोट धरून हसले, परदेश हुकला आणि डॉक्टर नंदुरबारातच राहिले.

तसं त्यांचं काही वाईट झालं नाही. मोलगीच्या बाजारात बायका बकऱ्यांना कुठला पाला घालतात ते विचारत फिरले, त्यातून स्वस्त खुराक काढले, डोंगरातल्या घराघरांत दूध वाढवलं. पुढच्या एकाही प्रयोगात त्यांनी कुठलं जनावर उपाशी ठेवलं नाही, आणि त्यावरून रमजानशेठनं आत्ताच त्यांची टर उडवली होती. तरी रमीबाईचा सल निघत नव्हता. या भल्या माणसाचं विमान आपण अडवलं. आज माफी मागायची राहिली तर राहिलीच.

सरपंच चुडामण यांनी तिचं नाव पुकारलं. ती गुडघ्यावर हात टेकत उठली, तर डॉक्टरच खाली आले आणि तिला हात धरून वर घेऊन गेले.

"डॉक्टरभाऊ, मन्हाकडथून एक पाप व्हयनं," ती म्हणाली. "त्या दहा बकऱ्या उपाशी देखीसन मन्हा जीव ऱ्हायना नही. दर सांजले मी त्यासले एकेक मूठ दिधी. मन्हामुळे तुमना प्रयोग फसना. माले माफ करा."

डॉक्टर मान खाली घालून उभे होते.

"एकच मूठ?" त्यांनी विचारलं.

"एकच. याहा मोगी मातानी आन."

"एका मूठमा बकरी इतली भरस का, ताई?"

बत्तीस वर्षांत हा प्रश्न तिला पडलाच नव्हता.

डॉक्टरांचे खांदे हलायला लागले. हा माणूस आता रडतो की काय, म्हणून ती घाबरली. त्यांनी माईकवर तळहात ठेवला, समोर बसलेल्या साहेबलोकांकडे एकदा पाहिलं आणि ते तिच्या कानाशी वाकले.

"हळू बोल, ताई. सकायले तू पाणीले जाये ना, तवय त्यासले पाटीभर खुराक मीच देत व्हतू."