बिनदेवाचा साक्षीदार

खोटी शपथ घ्यायला घरात दुसरं कोणी तयारच नव्हतं.

"माझी जीभ रेटायची नाही हो, देव बघतोय," बायको म्हणाली. "तुम्ही कुठे देव मानता? तुम्हाला काय अडचण? एवढंच सांगा, त्या संध्याकाळी पोरगा घरीच होता, गाडी त्याने नेलीच नव्हती."

वकिलालाही ते पटलं.

कोर्टाबाहेरच्या बाकावर जागा नव्हती. एक बाई सरकली. "बसा काका," म्हणाली. तिच्या हातात फोटो होता. गाडीखाली गेलेल्या मुलीचा.

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर त्याला समोर पोरगा दिसला. डोळे मिटून, हात जोडून बसलेली बायको दिसली. मागे ती बाई.

"पोरगा घरी नव्हता," तो म्हणाला. "गाडी तोच चालवत होता."

पोलीस पोराला घेऊन गेले. पोराने बापाकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

जिन्यात बायकोने त्याची कॉलर धरली. "देव तुम्हाला कधी माफ करायचा नाही!"

तो पायरीवर मटकन बसला.

"तुला निदान देव तरी उरलाय," तो म्हणाला. "मला पोरगाच होता गं."