दारूगोळ्याची गाडी

मृत्युंजयच्या पत्राला सोमशेखरांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र पुण्याहून दिवाळीत आलं होतं. आता उन्हं तापायला लागली होती. 'माझ्या तोफा तयार आहेत. दारूगोळ्याची गाडी तुझ्याकडे अडकलीय. उजवा डोळाही जाईल म्हणतात. त्याआधी एकदा टेबल मांडू.' एवढंच.

दोघं म्हातारे शिशाच्या बोटभर सैन्यानं टेबलावर नेपोलियनच्या लढाया खेळत. ही गाडी आणि तिचे दोन घोडे रंगवायचं काम सोमशेखरांकडे होतं. गाडी हिरवी झाली, घोडे तपकिरी झाले, आणि गाडीवानाच्या कोटाशी सगळं अडलं. एका पुस्तकात कोट राखाडी होता, दुसऱ्यात निळसर, तिसऱ्यात म्हणे लोखंडाच्या रंगाचा. लोखंडाचा रंग म्हणजे कुठला? नव्याचा की गंजलेल्याचा? रंगवायचं आणि पुसायचं. चुकीचं पाठवण्यापेक्षा उशीर बरा, असं त्यांना वाटे.

जुळे सोलापुरातल्या फ्लॅटच्या गॅलरीत ते आजही कोट पुसत होते. शेजारी त्यांची बायको नागव्वा शेंगा फोडत बसली होती.

"परत पुसला व्हय? कोट हाय का पाटी?"

"मृत्युंजयला लगेच कळेल गं. त्याची नजर फार बारीक."

नागव्वाचा हात थांबला. "काल त्यांच्या सावित्रम्माचा फोन आलता. तुमाला सांगवेना मला. आता उजेड तेवढा कळतोय त्यांना. बोटांनी चाचपून सैन्य हलवत्यात म्हणं."

सोमशेखर ब्रश धरून बसले. मग आपण हे पुसत होतो ते कुणासाठी, त्यांना समजेना. त्यांनी डोळे मिटले आणि गाडीवर बोट फिरवलं. घोड्यांचे कान. दोऱ्याचे लगाम. चाक. आणि दारूगोळ्याच्या पेटीच्या उतरत्या झाकणावर, पाय फाकून बसलेला गाडीवान.

ते दचकले. त्या सैन्यात गाडीवान गाडीवर बसतच नसे. डाव्या घोड्यावर बसून जोडी हाकी.

"तिन्ही पुस्तकांत चित्र होतं. मी आपला कोटच बघत राहिलो."

"अय्यो, त्यात काय चुकलं? गाडीवान गाडीवरच बसतो की! घोड्यावर बसला तर गाडीकडं बघायचं कुणी?"

"तेही मला कळत नाही," सोमशेखर म्हणाले.

पण त्यांनी ब्लेडनं गाडीवान अलगद सोडवला आणि डाव्या घोड्यावर चिकटवला. गाडीखालच्या पट्टीवर आधी रस्त्याचा नुसता रंग होता. तिथं गोंद लावून चाकांखाली जाड वाळू पसरली, कडेनं शेंगांच्या टरफलांचा चुरा. रस्ता कुठं संपतो ते बोटाला लागायला हवं. कोट अर्धवट पुसलेलाच राहिला.

पोस्टात जाण्याआधी त्यांनी चिठ्ठी लिहिली : 'कोटाचा रंग मला अजून ठरवता आलेला नाही. गाडीवान डाव्या घोड्यावर आहे. टेबल मांड, मी येतो.'

"काका, आत काय आहे?" पोस्टाच्या खिडकीतल्या मुलीनं विचारलं.

"घोडागाडी. शिशाची. म्हणजे... छोटी."

तिनं खोक्यावर लाल पेनानं ठळक लिहिलं : नाजूक. हात लावू नये.

पावती घेऊन सोमशेखर दारापर्यंत गेले, घुटमळले, परत आले.

"बाई, जरा पेन देता?"

'नाजूक' तसंच ठेवून त्यांनी पुढचं खोडलं, आणि खोकं आत सरकवलं.